दुकान, ऑफिस, अभ्यासिकेची वीजबचत खरी की भास? मीटर आणि मोबाईलने अशी मोजा



आज ज्या विषयावर लिहितोय त्यात मी स्वतः तोंडघशी पडलोय, म्हणून आधी तेच सांगतो.

माझ्या मामाची पुण्यात अभ्यासिका आहे. ६० खुर्च्या, १४ पंखे, २० ट्यूबलाइट, दीड टनाचे २ एसी. सकाळी ६ ते रात्री ११ चालू. बहुतेक मुलं स्पर्धा परीक्षेची, त्यामुळे १०० रुपये फी वाढली तरी दहा जण सोडून जातात. भाडं मामाच्या हातात नाही, राहतं ते विजेचं बिल. तेही व्यावसायिक दराचं.

एका ऑक्टोबरमध्ये एक विक्रेता आला आणि 'पॉवर सेव्हर' नावाचा डबा बसवून गेला. दावा होता ३० टक्के बचतीचा. मामाने मला विचारलं, "तू मोबाईल-कॉम्प्युटरवाला आहेस, बघ रे हे खरं आहे का." मी बिलं पाहिली. ऑक्टोबरला १,२९० युनिट, डिसेंबरला ८४०. म्हणजे ३५ टक्के कमी! मी सांगून टाकलं, "मामा, एकदम भारी आहे." मामाने एसीच्या लाइनवर दुसरा डबा घेतला आणि शेजारच्या खानावळवाल्या काकांनाही शिफारस केली.

फेब्रुवारीत सहज आदल्या वर्षीचं डिसेंबरचं बिल हाती लागलं. ८५५ युनिट. तेव्हा डबा नव्हता!

थंडीत एसी बंद, निम्मे पंखे बंद. बिल थंडीने कमी केलं होतं आणि कौतुक डब्याचं झालं.

वाचलेली वीज मीटरवर दिसत नाही

मीटर फक्त वापरलेली वीज मोजतो. बचत म्हणजे न वापरलेली वीज, ती मोजणार कशी? त्यासाठी 'बदल केला नसता तर किती लागली असती' हा आकडा काढावा लागतो. त्याला बेसलाइन म्हणतात. बेसलाइनमधून प्रत्यक्ष वापर वजा केला की बचत मिळते. मोठ्या इमारतींसाठी याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे, तिचं नाव आयपीएमव्हीपी. तिचा गाभा एवढाच की आधीचा आणि नंतरचा काळ सारख्या परिस्थितीवर आणल्याशिवाय तुलना करायची नाही. हवामान, चालू तास, माणसांची संख्या, जागा यातलं काही बदललं असेल तर बेसलाइन दुरुस्त करायची.

छोट्या जागेसाठी पहिला नियम सोपा आहे : मागच्या महिन्याशी तुलना करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचा तक्ता असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. आणि रुपये बघू नका, युनिट बघा. दर वाढले की युनिट कमी होऊनही बिल वाढतं.

लुकलुकणाऱ्या दिव्याची चाचणी

ही माझी सगळ्यात आवडती. वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि जवळच '१६०० इम्पल्स प्रति किलोवॅट-अवर' किंवा '३२००' असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे दिवा १६०० वेळा लुकलुकला की १ युनिट. काही मीटरवर दोन दिवे असतात. त्यातला किलोवॅट-अवरचाच घ्यायचा.

मोबाईलवर १ मिनिटाचा व्हिडिओ काढा. मग तो हळू चालवून लुकलुक मोजा (डोळ्यांनी मोजताना हमखास चुकतं). हिशोब असा :

वॅट = एका मिनिटातली लुकलुक × ६०,००० ÷ मीटरवरचा आकडा

रविवारी पहाटे अभ्यासिका उघडायच्या आधी मी बाकी सगळं बंद केलं, फ्रीजचा प्लगसुद्धा काढला, आणि फक्त १४ पंखे पूर्ण वेगाने लावले. मिनिटाला २८ लुकलुक. २८ × ६०,००० ÷ १६०० = १,०५० वॅट, म्हणजे पंख्याला ७५ वॅट. जुन्या पंख्याचा आकडा साधारण तेवढाच असतो.

मग डबा काढून मोजलं. २८. डबा लावून मोजलं. २८.

मामा शेजारी उभा होता. काही बोलला नाही, चहा टाकायला आत गेला.

या डब्यात बहुतेक वेळा एक कॅपॅसिटर असतो. तो पॉवर फॅक्टर सुधारतो, लाइनमधला करंट थोडा कमी करतो. विक्रेता अँपिअर दाखवणारा क्लँप मीटर लावून आकडा खाली आलेला दाखवतो ना, तो खोटा नसतो! पण छोट्या ग्राहकाचं बिल अँपिअरवर येत नाही, किलोवॅट-अवरवर येतं आणि ते तेवढंच राहतं. कारखाने, मॉल अशा मोठ्या ग्राहकांच्या बिलात पॉवर फॅक्टरचा हिशोब असतो. तिथे कॅपॅसिटर बँक खरोखर पैसे वाचवते. वस्तू तीच, पण अभ्यासिकेत तिचा उपयोग शून्य.

ईपीआय : इमारतीचं मायलेज

आपली जागा वीज जास्त खाते की कमी, हे कसं कळणार? गाडीला जसं मायलेज, तसा इमारतीला ईपीआय. वर्षाची युनिट भागिले क्षेत्रफळ (चौरस मीटरमध्ये). मामाची जागा १,१०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १०२ चौरस मीटर. वर्षाला १४,५०० युनिट. ईपीआय आला १४२.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे फ्रीज-एसीवर स्टार देणाऱ्या बीईईने, २००९ मध्ये ऑफिस इमारतींनाही स्टार द्यायला सुरुवात केली. त्या मूळ योजनेत मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानातल्या, निम्म्याहून जास्त भागात एसी असलेल्या ऑफिसला २०० ते १७५ ईपीआयवर १ स्टार आणि १०० च्या खाली ५ स्टार होते.

मग १४२ म्हणजे ३ स्टार का? नाही, इथे घाई नको. ते पट्टे मोठ्या ऑफिसांसाठी आहेत आणि ऑफिस काही १७ तास चालत नाही. बीपीओ २४ तास चालतात म्हणून बीईईने त्यांच्यासाठी ताशी ईपीआय वापरला. तेव्हा आपला ईपीआय आपल्याच मागच्या वर्षाशी ताडून बघणं सगळ्यात प्रामाणिक.

जाता जाता : १०० किलोवॅट किंवा जास्त जोडभार असलेल्या नव्या व्यावसायिक इमारतींसाठी ईसीबीसी नावाची संहिता आहे. ती २००७ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. भिंती, काचा, दिवे, एसी सगळ्यांचे नियम त्यात आहेत.

आधी काय बदलायचं?

आधी गरज कमी करा, यंत्र नंतर बघा. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगमध्ये हेच केलं. तिथल्या ६,५१४ खिडक्या इमारतीतच दुरुस्त करून जास्त उष्णतारोधक बनवल्या. उष्णता कमी आत आली, त्यामुळे नवे मोठे चिलर घ्यायची गरजच उरली नाही, जुनेच सुधारून भागलं.

मोजण्याच्या बाबतीत मला हैदराबादचं इन्फोसिसचं उदाहरण जास्त आवडतं. तिथे एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचं एसी, दुसऱ्यात स्लॅबमधल्या पाइपांतून थंड पाणी खेळवणारी रेडियंट कूलिंग पद्धत. हवामान तेच, ऑफिसही तेच. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली. इथे बेसलाइन शेजारीच उभी होती, त्यामुळे वाद घालायला जागा नाही.

आम्ही काय केलं? पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताडपत्री. १४ पंखे बीएलडीसी, ३० वॅटचे. चोकसकट ५० वॅट खाणाऱ्या ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी. एसी २२ वरून २६ वर, सोबत पंखा. (एसीचं तापमान १ अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं बीईई सांगते. २०२० पासून स्टारवाले एसी मुळातच २४ वर सेट होऊन येतात.) पुन्हा पहाटे पंख्यांची लुकलुक मोजली : ११.

एप्रिलचं बिल आणि मामाचा प्रश्न

आदल्या एप्रिलला १,६०० युनिट होती, या वेळी १,१३०. मामा म्हणाला, "तू तर म्हणालास खूप वाचतील. हे ४७०च?"

पण या एप्रिलमध्ये परीक्षेमुळे अर्धा हॉल रात्रीही उघडा होता, म्हणजे रोज ६ तास जास्त. जुने ७ पंखे आणि १० ट्यूब एवढा वेळ चालले असते तर १.०२५ किलोवॅट × ६ तास × ३० दिवस, म्हणजे साधारण १८५ युनिट जास्त लागली असती. म्हणून दुरुस्त बेसलाइन १,७८५ आणि बचत ६५५ युनिट, जवळपास ३७ टक्के. हा हिशोब वहीत मांडून दाखवल्यावर मामाला पटलं. एप्रिल किती तापला याची दुरुस्ती मी केलेली नाही. मोठ्या इमारतीत त्यासाठी रोजच्या तापमानावरून 'कूलिंग डिग्री डे' काढतात आणि वर्षभराच्या वापराशी त्याचा संबंध लावतात.

त्या वर्षी फी वाढली नाही.

खानावळवाल्या काकांकडे मात्र मला स्वतःहून जावं लागलं. त्यांच्या मीटरसमोर मोबाईल धरला, डबा लावून आणि काढून दोन व्हिडिओ घेतले. दोन्हींत लुकलुक सारखीच निघाली. काका म्हणाले, "अरे, मग आधी का नाही मोजलंस?" यावर मी काय बोलणार! त्यांचे डब्याचे पैसे काही परत आले नाहीत. तो विक्रेता आता फोन उचलत नाही.