पोलीस वाहनचालन : वळणावरील

पोलिसांच्या वाहनाने त्वरेने, तरीही सुरक्षितपणे वळण पार करण्याची शिस्तबद्ध पद्धती. वळणावर वाहनास वक्र मार्गात ठेवणारे बल टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. वेग दुप्पट झाल्यास त्या बलाची गरज चौपट होते. भोंग्याने वाट मोकळी होते, घर्षण वाढत नाही. लंडन महानगर पोलिसांनी हेंडन येथे १९३०–४० या दशकात वाहनचालन शाळा स्थापन केली. तेथील शिक्षणास १९३७ पासून अर्ल ऑफ कॉटनम यांनी पद्धतशीर रूप दिले आणि १९५५ मध्ये रोडक्राफ्ट ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. या पद्धतीनुसार वेग वळणापूर्वीच कमी करून योग्य गिअर टाकतात. रस्त्याच्या दोन्ही कडा जेथे मिळाल्यासारख्या दिसतात, तो बिंदू जवळ येत असल्यास वेग घटवितात. तो दूर सरकू लागल्यास क्रमाने वाढवितात. दिसणाऱ्या मोकळ्या अंतरात थांबता आले पाहिजे, हा मूळ नियम होय.

परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यासही हा नियम लागू पडतो. पावसाळ्यात शेतांतून चाकांबरोबर येणाऱ्या काळ्या चिखलाने रस्ते निसरडे होतात. श्रावणात औंढा नागनाथला जाणारे भाविक किंवा एखादी बैलगाडी वळणापलीकडे असू शकते. पाठलाग पुन्हा करता येतो. गेलेला जीव परत आणता येत नाही.