पानिपतची संक्रांत

पानिपतची लढाई कोणत्या दिवशी झाली, हा प्रश्न आमच्याकडे गणेशोत्सवातल्या मुलांच्या प्रश्नमंजूषेत हमखास येतो. ‘संक्रांतीच्या दिवशी’ असे उत्तर आले की टाळ्या पडतात. आम्हीही त्या वर्षानुवर्षे वाजवल्या. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, संक्रांतही १४ जानेवारीची. शंका यावी कुठून?

पण संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही. सूर्याचा मकरप्रवेश दर सत्तर-बहात्तर वर्षांनी साधारण एक दिवस पुढे सरकतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. त्याच्याही मागे शंभर वर्षे गेलो की संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे पौष शुद्ध अष्टमीला, त्या बुधवारी, भाऊसाहेबांची उपाशी फौज मैदानात उतरली तेव्हा संक्रांत होऊन चार-पाच दिवस झाले होते.

मग ही समजूत आली कुठून? नुसती तारखेची चूक म्हणून ती सोडून द्यावी, असे आम्हाला वाटत नाही. संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांवर घाव पडला होता हे खरेच आहे; फक्त तो एक वर्ष आधी. १० जानेवारी १७६०, दिल्लीजवळ यमुनेचा बुराडी घाट. तिथे दत्ताजी शिंदे पडले, तो दिवस संक्रांतीचा. जनकोजी त्याच लढाईत जखमी झाले. पुढच्या जानेवारीत पानिपतावर जनकोजी गेले, तुकोजी गेले. जयाप्पा तर १७५५ मध्येच नागोरला मारले गेले होते. सहा वर्षांत एका घरातले चार! उरले महादजी, तेही पायाला कायमचा घाव घेऊन, राणेखान भिस्त्याने वाचवले म्हणून.

लोकांच्या आठवणीने या दोन जानेवाऱ्या एक केल्या. पंचांगातली संक्रांत वाहनावर बसून येते, जिकडे पाहील तिकडे संकट. रसद तुटली, बुणगे सोबत होते, अब्दालीच्या राखीव फौजा ऐन वेळी पुढे आल्या, ही कारणे आज आपण शिकवतो आणि ती खरीही आहेत. पण उत्तरेतून ज्यांचे माणूस परतले नाही, त्या माजघरांना ती कारणे कशी पुरली असती? तिथे संक्रांतीची ती नजर ओळखीची होती. कथेने तारीख बिघडवली, पण दुःखाला नाव दिले.

मात्र त्याची किंमत दत्ताजींनी मोजली, ही आमची तक्रार. पानिपतची मोठी कथा बुराडीची धाकटी कथा गिळून बसली. १८१० च्या सुमारास दौलतरावांच्या तळाभोवती वसलेल्या या लष्करात तरी तसे व्हायला नको होते. तिळगूळ वाटताना आम्ही पानिपताचे नाव काढतो, दत्ताजींचे क्वचितच.

त्यांचे शेवटचे उत्तर तेवढे राहिले. जखमी होऊन पडलेल्या दत्ताजींना शत्रूने, आणखी लढणार का, असे विचारले आणि त्यांनी, वाचलो तर आणखीही लढू, या अर्थाचे उत्तर दिले, असे भाऊसाहेबांची बखर सांगते. तो संवाद ऐकून परत यायला आपल्या बाजूचे कोण जवळ उभे होते? हा प्रश्न रास्त आहे. तरीही बखरकाराने ते उत्तर लिहिले, आणि दहा वर्षांनी महादजी पुन्हा दिल्लीत शिरले तेव्हा ते जणू खरे ठरले.

गंमत म्हणजे, सगळी बखर मराठीत असून हे उत्तर तिने हिंदुस्थानीत दिले आहे. बखरीची जुनी मराठी आमच्या नातवंडांना आता ओळीओळीला अडते. त्या उत्तरापाशी आले की मात्र अर्थ कोणी विचारत नाही.