साहेबांच्या घरचीं मुलें

राज्यकर्त्यांचा इतिहास लिहितांना लढाया, तह आणि कायदे यांनाच मोठें स्थान मिळतें. घर त्यांतून बहुधा वगळलें जातें. हिंदुस्थानांत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या इंग्रज कुटुंबांची हकीकत तशीच आहे. प्रशस्त बंगला, दारांत गाडीघोडा आणि हाकेसरशी धांवणारे नोकर, एवढें चित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. परंतु त्या बंगल्यांत ७-८ वर्षांवरचें मूल क्वचितच दिसे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या घराचा दिनक्रम ठरलेला असे. पहाटे ‘छोटी हाजरी’, म्हणजे चहा व थोडें खाणें झालें कीं ऊन चढण्यापूर्वीं घोड्यावरून रपेट. परतल्यावर स्नान आणि न्याहारी. साहेब कचेरीस गेले कीं मडमसाहेब कोठीची खोली उघडीत आणि दिवसभराचा जिन्नस खानसाम्यास मोजून देत. फ्लोरा अॅनी स्टील व ग्रेस गार्डिनर या दोन बायांनीं १८८८ सालीं नवख्या गृहिणींसाठीं गृहव्यवस्थेचें व पाकक्रियेचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. नोकरांना हुकूम देण्यापुरती तरी हिंदुस्थानी शिकलीच पाहिजे, असा त्यांत आग्रह आहे. उन्हाळा लागला कीं हें घर दुभंगे. बायकामुलें महाबळेश्वर, माथेरान किंवा सिमला येथें जात. पुष्कळ नोकरदार पुरुषांना मात्र खालच्या उन्हांतच राहावें लागे. दरसालचा हा वियोग पुढील मोठ्या वियोगाची जणूं तालीमच होती.

मूल वाढे तें आयेच्या मांडीवर. ‘आया’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज. मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेंतील शिक्षक जॉन लॉकवुड किप्लिंग यांच्या घरची आया पोर्तुगीज रोमन कॅथॉलिक होती. आणि त्या काळीं मुंबईंत ‘पोर्तुगीज’ हें नांव गोव्याकडील व वसईकडील ख्रिस्ती लोकांनाहि लावीत. त्यांचा मुलगा रडयार्ड ३० डिसेंबर १८६५ रोजीं मुंबईस जन्मला. आया आणि मीता नांवाचा हिंदु नोकर त्याला गोष्टी सांगत. मग कपडे चढवून आईबापांकडे पाठवितांना, आतां इंग्रजी बोलावयाचें, अशी त्याला आठवण द्यावी लागे. मूल विचार करी देशी भाषेंत. आईबापांशीं बोलतांना त्याचें तें अडखळत भाषांतर करी.

आईबापांना हीच गोष्ट सलत असे. येथली हवा मुलांना मानवत नाहीं हें कारण पुढें केलें जाई, आणि तें अगदींच खोटें नव्हतें. कलकत्त्यास पार्क स्ट्रीटवर १७६७ सालीं सुरू झालेल्या दफनभूमींत लहान मुलांच्या कबरी पुष्कळ आहेत. पण दुसरें कारण अधिक खोलवरचें होतें. बोलण्यांत देशी ढब आली तर मूल मिश्र वंशाचें समजलें जाईल, ही धास्ती मोठी होती. शिवाय १८५५ पासून मुलकी सनदी नोकरीची चढाओढीची परीक्षा लंडनमध्यें होऊं लागली. म्हणजे ज्या नोकरीसाठीं बाप परदेशीं आला, तीच मुलास मिळावी म्हणून मुलाला बापापासून तोडावयाचें!

ही रीति जुनी होती. कादंबरीकार थॅकरे १८११ सालीं कलकत्त्यास जन्मला. बाप वारल्यावर १८१६ सालीं, अवघ्या ५ वर्षांचा असतांना, त्याला आईवांचून विलायतेस धाडलें. वाटेंत जहाज सेंट हेलेना बेटास थांबलें. तेथें सोबतच्या नोकरानें त्याला बंदिवासांतील नेपोलियन दाखविला आणि हा सांपडतील तेवढीं लहान मुलें खातो, अशी भीति घातली. आईची भेट पुन्हां झाली ती १८२० सालीं. पुढें १८६९ सालीं सुएझचा कालवा खुला झाला व महिन्यांचा प्रवास आठवड्यांवर आला. चाल मात्र पालटली नाहीं.

त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८७१ सालीं, रडयार्ड व त्याची ३ वर्षांची बहीण अॅलिस यांना इंग्लंडांत साउथसी येथें, पैसे घेऊन मुलें संभाळणाऱ्या एका अनोळखी कुटुंबांत ठेवण्यांत आलें. निरोप घेतला तर मुलें रडतील, म्हणून आईबाप न सांगतांच निघून गेले. रडयार्डचीं पुढचीं वर्षें माराच्या धाकांत गेलीं. आई परतली ती १८७७ सालीं. १८८२ सालीं, सोळाव्या वर्षीं, तो पुन्हां मुंबईच्या धक्क्यावर उतरला. तेथील देखाव्यांनीं व वासांनीं त्याच्या तोंडून देशी वाक्यें आपोआप निघूं लागलीं; अर्थ मात्र त्याचा त्यालाच उमगेना.

आईपुढें दोनच वाटा असत. नवऱ्यासोबत राहून मुलांना अंतरावें, नाहीं तर मुलांसाठीं विलायतेस राहून नवऱ्यास एकटें ठेवावें. बाकीचा संसार टपालाच्या भरंवशावर चाले. ज्यांना विलायतेचा खर्च झेपत नसे, त्यांचीं मुलें थंड हवेच्या ठिकाणच्या शाळांत जात. गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठीं सिमल्याच्या वाटेवर सनावर येथें १८४७ सालींच अशी संस्था निघाली होती. तेथील मुलांना सुटींत तरी घर दिसे. दुसऱ्या महायुद्धांत समुद्र धोक्याचा झाला, तेव्हां बड्या घरचीं मुलेंहि डोंगरावरच्या शाळांत राहिलीं. निदान त्या वेळीं तरी हवेची सबब आड आली नाहीं.

आणि आया? प्रवासांत मुलें संभाळण्यास कित्येक आयांना विलायतेस नेत. तेथें पोंचल्यावर कांहीं कुटुंबें परतीचें भाडेंहि न देतां त्यांना सोडून देत. अशा बायकांसाठीं लंडनमध्यें एक आश्रयगृह चालत असे. १९०० सालीं तें हॅकनी भागांत आलें. त्या इमारतीवर स्मृतिफलक लागला तो २०२२ सालीं.

परदेशांतील या संसाराचा खरा खर्च मुलांनीं, मातांनीं आणि या आयांनीं सोसला. मुलांनीं मोठेपणीं आपल्या आठवणी लिहिल्या. मातांचीं पत्रें जपून ठेवलीं गेलीं. परंतु ज्यांच्या मांडीवर हीं मुलें बोलावयास शिकलीं, त्यांतील बहुतेकींचें नांवहि कोणी टिपून ठेवलें नाहीं. किप्लिंगच्या आत्मचरित्रांत मीताचें नांव आहे. आया नुसती आयाच आहे.