मेट्रोचे बांधकाम आणि रात्रीची शांतता

मेट्रो संपूर्ण शहराच्या सोयीसाठी उभारली जाते. मात्र ती पूर्ण होईपर्यंत धूळ, वळवलेले रस्ते आणि यंत्रांचा आवाज यांचा भार मार्गालगतच्या रहिवाशांनाच सोसावा लागतो. हा भार कोठवर लादता येतो, हा प्रश्न मुंबईतील कुलाबा–वांद्रे–सीप्झ या मेट्रो-३ मार्गिकेच्या कामामुळे उच्च न्यायालयासमोर आला.

सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीची आणि २७ स्थानकांची ही मार्गिका जवळजवळ संपूर्ण भुयारी आहे. बोगदे जमिनीखाली खोलवर यंत्राने खोदले जातात. बहुतेक स्थानकांसाठी मात्र वरूनच खोदकाम करावे लागते. खडक फोडणे, माती उपसणे ही कामे घरांच्या खिडक्यांसमोरच चालतात. अवजड वाहनांना दक्षिण मुंबईत दिवसा निर्बंध असल्याने मातीची वाहतूक रात्रीवर जाते.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ होय. निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. शांतता क्षेत्रात ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. या दोन्ही क्षेत्रांत आवाज करणारी बांधकाम यंत्रे रात्री चालवण्यास २०१० च्या दुरुस्तीने मनाई केली. आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक वाढल्यास नागरिक संबंधित प्राधिकाऱ्याकडे तक्रार करू शकतात.

कफ परेड येथील रहिवाशाच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तेथील रात्रीचे काम थांबवले. कामाला विलंब होऊन खर्च वाढत असल्याची बाजू मेट्रो महामंडळाने मांडली. २०१८ मध्ये न्यायालयाने हे निर्बंध शिथिल केले. गिरगाव आणि काळबादेवी येथील काही रहिवाशांना तर राहती घरेच सोडावी लागली. त्याच परिसरात पुनर्वसनाचे आश्वासन त्यांना देण्यात आले.

ही मार्गिका ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली. तक्रारींमागील नियम मात्र केवळ मुंबईपुरते नाहीत. नागपूर-पुण्यातील मेट्रो असो वा भिलाईतील एखादा उड्डाणपूल, निवासी वस्तीतील रात्रीच्या झोपेला देशभर हेच संरक्षण आहे.