ड्रोनचालक प्रशिक्षण

मानवरहित विमान (ड्रोन) जमिनीवरून सुरक्षितपणे उडविण्याच्या शास्त्रोक्त शिक्षणास ड्रोनचालक प्रशिक्षण म्हणतात. भारतात ते ड्रोन नियम, २०२१ अन्वये चालते. दहावी उत्तीर्ण झालेल्या १८ ते ६५ वर्षे वयाच्या व्यक्तीस मान्यताप्राप्त संस्थेत शिकून दूरस्थ वैमानिक प्रमाणपत्र मिळविता येते. त्याची मुदत १० वर्षे असते. २५० ग्रॅमपर्यंतच्या, तसेच व्यवसायासाठी न वापरलेल्या २ किलोग्रॅमपर्यंतच्या ड्रोनसाठी ते लागत नाही.

महाविद्यालयीन अभ्यासक्रमाची पदविका आणि हे प्रमाणपत्र एक नव्हे. विद्यार्थ्यांची गफलत बहुधा येथेच होते. शिकविणाऱ्या संस्थेस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असावी लागते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात असे केंद्र असून तेथे शेतीसाठीच्या ड्रोनवर भर आहे.

प्रशिक्षणात नियम, हवामान, बॅटरीची निगा, संगणकावरील आभासी उड्डाण व शेवटी मैदानावरील प्रत्यक्ष उड्डाण येते.

== मुंबईतील मर्यादा ==
विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत विनापरवानगी उड्डाणाचे हिरवे क्षेत्र नसते. दादर या अंतरात येते. त्यामुळे शिवाजी पार्कचे विस्तीर्ण मैदान सरावास उपयोगी पडत नाही. शिवाय मुंबई पोलीस शहरभर खासगी ड्रोनवर बंदीचे आदेश वेळोवेळी काढतात. लालबाग-परळच्या गणेशोत्सवात गर्दीवर लक्ष ठेवणारे ड्रोन पोलिसांचे असतात. परिणामी येथील विद्यार्थ्यास सिद्धान्त वर्गात शिकता आला, तरी उड्डाणासाठी शहराबाहेर जावे लागते.