कराची ते मुंबई किती किलोमीटर? एका आकड्याची उलटतपासणी

प्रबंध लिहिताना अंतराचा आकडा आपल्याला सगळ्यात बिनधोक वाटतो. संगणकावर दोन विमानतळांची नावं टाकायची, येईल ते उतरवून घ्यायचं. या सवयीकडे आज जरा नीट बघू.

उदाहरण घ्या १५ ऑक्टोबर १९३२ चं. इम्पीरियल एअरवेजने लंडनहून कराचीपर्यंत आणलेलं टपाल घेऊन जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ या छोट्या विमानातून मुंबईत जुहूला उतरले. टाटांच्या टपालसेवेची ही पहिली फेरी. समजा, ती किती लांबीची होती हे तुम्हाला लिहायचं आहे.

आजच्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश धरले तर उत्तर येतं सुमारे ८७४ किमी. ते येतं कसं? पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६३७१ किमी. दोन ठिकाणांमुळे पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन काढायचा. इथे तो ७.८६ अंश. एका अंशाला पृष्ठभागावर १११.२ किमी. झाला गुणाकार! ही रेषा म्हणजे महावृत्ताचा कंस, गोलावरची सगळ्यात जवळची वाट. कोन काढायचं हॅवरसाइन सूत्र मुळात दर्यावर्दी लोकांच्या कामाचं. ‘हॅवरसाइन’ हे नाव जेम्स इनमन यांनी १८३५ मध्ये रूढ केलं.

गणित चोख आहे. पण टाटा त्या रेषेवरून उडालेच नाहीत. ही रेषा सौराष्ट्र ओलांडून पुढे समुद्रावरून जाते. ते गेले अहमदाबादला थांबून. कराची–अहमदाबाद ५९२ किमी आणि अहमदाबाद–मुंबई ४४४, म्हणजे एकूण १०३६. तब्बल १६२ किमी जास्त!

यानं काय बिघडतं? उड्डाणाच्या वेळेनं ८७४ ला भागून तुम्ही सरासरी वेग काढलात, तर विमान खऱ्यापेक्षा सुमारे १६ टक्के मंद ठरेल. मग त्यावर ‘रेल्वेच्या तुलनेत फायदा किती’ असा निष्कर्ष रचाल, तोही तेवढाच कच्चा. आणि १०३६ हासुद्धा किमान आकडा आहे. वाऱ्यामुळे किंवा ढगांमुळे घेतलेलं वळण त्यात नाही.

म्हणून अंतर लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. कुठल्या दोन बिंदूंमधलं? (१९३२ ची मुंबई म्हणजे जुहू, आजचं सहारचं टर्मिनल नव्हे.) कुठल्या वाटेनं? आणि कुठल्या मैलात? जुन्या कागदांतला ‘मैल’ जमिनीवरचा असेल तर १.६०९ किमी, सागरी असेल तर १.८५२.

करून बघा: त्याच टपालाचा पुढचा टप्पा नेव्हिल विन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासला नेला. त्याचं अंतर दोन्ही पद्धतींनी काढा आणि तळटीपेत पद्धत लिहा. तळटीप नसेल, तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाला तपासता येणार नाही.