बार्शीचा माल, बिदरचं गिऱ्हाईक

मी लातूर जिल्ह्यातल्या रेणापुरात दुकानदारांच्या वह्या लिहितो. कापडवाला असो, चपलांचा दुकानदार असो की मोबाईलवाला, सगळ्यांची तक्रार एकच: "गिऱ्हाईक येतं, हात लावून बघतं आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवतं. त्यांना टॅक्स नाही, सगळा आम्हालाच." गिऱ्हाइकाबद्दलचं म्हणणं खरं आहे. टॅक्सचं एके काळी बरंचसं खरं होतं, आता राहिलेलं नाही. हा फरक समजायला आपल्या भागातल्या नाक्यांचा इतिहास पाहावा लागतो.

1948 पर्यंत आमचा मुलूख निजामाचा आणि 1947 पर्यंत बार्शी इंग्रजांची. 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत आली आणि तिकडचा माल इकडे सहज उतरू लागला. पण तो परराज्याचा माल, म्हणून त्यावर संस्थानची करोडगिरी, म्हणजे जकात. कंपनी सरकार आणि निजाम यांच्या 1802 च्या व्यापारी तहात तिचा दर शेकडा 5 ठरला होता. माझे आजोबा बार्शीहून लुगडी आणत. त्यांच्या वहीत खरेदी, भाडं, हमाली आणि खाली करोडगिरी अशा ओळी असत. ती रक्कम लुगड्याच्या किमतीत चढे, म्हणजे शेवटी नेसणारीच ती भरे. बिदरहून आलेल्या मालाला ही ओळ नसे, कारण बिदर त्याच राज्यात होतं.

पुढे करोडगिरी गेली, विक्रीकर आला. हैदराबाद राज्याने त्याचा कायदा 1950 मध्ये केला. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि बिदर म्हैसूर राज्यात गेलं. आमच्यासाठी बार्शी घरची झाली, बिदर परकं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालावर कर कुणाचा, यावरून तेव्हा राज्यं कोर्टात भांडत होती. त्यावर 1956 मध्येच केंद्रीय विक्रीकराचा कायदा झाला: माल जिथून निघेल, कर त्या राज्याला. सुरुवातीचा 1 टक्का 1975 पर्यंत 4 वर गेला.

आमच्या दुकानदारांना खरा त्रास या नियमाने दिला. परराज्यातून माल आणायचा तर सवलतीच्या दरासाठी सी-फॉर्म द्या, केंद्रीय कर भरा आणि विकताना पुन्हा राज्याचा कर लावा. 2005 मध्ये व्हॅट आला तरी त्या केंद्रीय कराची वजावट मिळाली नाही. मग ऑनलाइन विक्री वाढली. बंगळुरूच्या गोदामातून थेट रेणापूरच्या घरी आलेल्या मोबाईलवर कर्नाटकाचा दर लागे आणि पैसेही कर्नाटकालाच जात. तोच मोबाईल आमच्या दुकानात आला की त्याच्यावर दोन ओझी. त्या वर्षांत दुकानदार ओरडत होते ते रास्त होतं. काही राज्यांनी तर ऑनलाइन मालावर प्रवेशकर बसवला. अमेरिकेतही हेच भांडण होतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये वेफेअर खटल्यात, राज्यात दुकान नसलेल्या विक्रेत्याकडूनही राज्य विक्रीकर वसूल करू शकतं, असा निकाल दिला.

आपल्याकडे 1 जुलै 2017 च्या जीएसटीने नियमच उलटला: माल जिथे पोचेल, कर तिथला. आता तोच मोबाईल दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, दर एकच आणि राज्याचा वाटा महाराष्ट्राला. शिवाय ऑनलाइन कंपनीला विक्रेत्याच्या पैशातून टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापावा लागतो. 2018 मध्ये तो 1 टक्का होता, जुलै 2024 पासून अर्धा आहे.

आता अन्याय असेल तर तो छोट्या ऑनलाइन विक्रेत्यावर. वर्षाला 40 लाखांच्या आत माल विकणाऱ्या दुकानदाराला जीएसटी नंबर लागत नाही. रेणापुरात घरी काळा मसाला करणारी बाई ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइनही नंबराशिवाय विकू शकते, पण महाराष्ट्रातच. बार्शीच्या गिऱ्हाइकाला चालतं. बिदरच्या गिऱ्हाइकाला एक पाकीट पाठवायचं म्हटलं तरी नंबर घ्या, रिटर्न भरा. ही अट जायला हवी. छोट्याला सूट द्यायची तर ती उलाढाल पाहून द्यावी, गिऱ्हाईक कुठल्या राज्यात राहतं ते पाहून नव्हे.

आणि दुकानदारांना माझं सांगणं आहे. मोठ्या कंपन्यांच्या सवलतींशी झगडा जरूर करा, पण त्या लढाईत कराचं कारण पुढे करू नका, ते आता टिकत नाही. ऑनलाइन मालासोबत बिल येतं. आपल्याकडे गिऱ्हाइकाने मागितल्याशिवाय पक्की पावती निघत नसेल, तर सारख्या वागणुकीची मागणी आपणच कमजोर करतो. आजोबांनी करोडगिरीची ओळ कधी लपवली नाही. आपणही प्रत्येक विक्रीची पावती फाडू या, मग सरकारपुढे उभं राहून बोलायला तोंड राहील.